गावाबाहेर जाताना मेलला उत्तर कोण देणार?

शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागली की आमच्याकडची बरीच माणसं महिनाभर गावात सापडत नाहीत. हेच दिवस पेरणीच्या धामधुमीचे. बियाण्याचं कोटेशन, बँकेचं पत्र, सीएचं ‘कागद पाठवा’ हे सगळं नेमकं तेव्हाच येतं, आणि आता ते मेलवर येतं. फोन लागला नाही तर समोरचा समजून घेतो की रेंज नसेल. मेलचं तसं नाही. मेल गेला म्हणजे वाचला, आणि उत्तर आलं नाही म्हणजे यांना गरज नाही, असा सरळ अर्थ काढला जातो.

गैरहजेरीत आपोआप उत्तर जावं, इथवर सगळ्यांचं एकमत असतं. घोळ होतो तो कोणती सोय लावायची यावर. शेतकरी उत्पादक कंपनी, ताडोब्याजवळचा होमस्टे, कॉलेजातला प्राध्यापक, या तिघांना एकच उत्तर चालत नाही.

बटणं कुठे आहेत ते नंतर बघू. आधी उत्तर निघतं कुठून ते बघा. जीमेलचं आणि ऑफिसच्या आउटलूक खात्याचं उत्तर त्यांच्या सर्व्हरवरून निघतं. तुमचा फोन पिशवीत बंद पडलेला असो, गावातली लाईन दोन दिवस गेलेली असो, उत्तर जातंच. व्हॉट्सॲप बिझनेस, म्हणजे धंद्यासाठीचं व्हॉट्सॲप, त्याचा अवे मेसेज (गैरहजेरीत आपोआप जाणारं उत्तर) मात्र तुमच्या फोनचं इंटरनेट चालू असेल तरच जातो. पुण्यात बसलेल्या माणसाला हा फरक जाणवणारही नाही. मेळघाटातल्या गावात राहणाऱ्याने निवड करताना पहिला विचार याचाच करावा.

जीमेलपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे दहातल्या आठ जणांचं खातं तिथेच असावं असा माझा अंदाज. संगणकावर गिअरचं चिन्ह, ‘सी ऑल सेटिंग्ज’, मग ‘जनरल’च्या अगदी तळाशी ‘व्हेकेशन रिस्पॉन्डर’. मजकूर लिहून झाला की खालचं ‘सेव्ह चेंजेस’ दाबायला विसरू नका, ते नजरेआड राहतं. फोनच्या ॲपमध्ये तीन रेघा, सेटिंग्ज, आपलं खातं, की हाच पर्याय दिसतो. म्हणजे संगणक नसला तरी एसटीत बसल्या बसल्या लावता येतो. ही मोठी सोय आहे.

तारखेचा हिशेब असा: पहिल्या दिवशी रात्री बाराला सुरू, शेवटच्या दिवशी रात्री ११.५९ ला बंद. तास निवडता येत नाहीत. शेवटची तारीख टाकलीच पाहिजे अशी सक्तीही नाही, आणि गोम इथेच आहे. ती टाकली नाही तर तुम्ही स्वतः बंद करेपर्यंत उत्तर जातच राहतं. एका संस्थेकडून मला संक्रांतीला ‘आम्ही दिवाळीच्या सुटीवर आहोत’ असं उत्तर आलं होतं. परतीची तारीख पक्की नसेल तर अंदाजाने एक टाका. पुढे ढकलायला फोनवर मिनिटही लागत नाही.

एकाच माणसाला प्रत्येक मेलमागे उत्तर जात नाही. पहिल्यांदा जातं. मग चार दिवसांनंतर त्याने पुन्हा लिहिलं आणि सोय सुरूच असली, तर परत जातं. मजकूर बदलला की ही मोजणी नव्याने सुरू होते. स्पॅमला आणि मेलिंग लिस्टवर आलेल्या मेलना उत्तर जात नाही, हे चांगलंच. दोन्हीकडे आपोआप उत्तरं लागलेली असली तर ती एकमेकांना रात्रभर उत्तरं देत बसतील, ही जुनी अडचण. तिच्यासाठी २००४ साली आरएफसी ३८३४ नावाचे इंटरनेटचे तांत्रिक नियमच लिहिले गेले. मोठ्या सेवा ही काळजी घेतात, तुम्हाला त्यात डोकं घालायचं कारण नाही.

एक चौकट मात्र विचार करून टिक करा: ‘फक्त माझ्या कॉन्टॅक्ट्समधल्यांनाच उत्तर द्या’. नोकरदाराला ती बरी. धंदेवाल्याने तिला हात लावू नये. अकोल्याचा जुना व्यापारी तुम्हाला ओळखतो, तो फोन करेलच. इंदूरच्या प्लांटमधून पहिल्यांदाच सोयाबीनची चौकशी करणारा तुमच्या कॉन्टॅक्ट्समध्ये कुठून असणार? उत्तराची गरज त्यालाच जास्त आहे.

आउटलूक थोडक्यात. बँक, विद्यापीठ, मोठी संस्था यांच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर ‘ऑटोमॅटिक रिप्लाइज’ असतं आणि दोन बाबतीत ते जीमेलपेक्षा सरस आहे. आतल्या सहकाऱ्यांसाठी एक मजकूर आणि बाहेरच्यांसाठी दुसरा ठेवता येतो, आणि वेळ तासावर बांधता येते. आतल्यांना ‘फाईल कपाटात डावीकडे’ सांगायचं, बाहेरच्यांना फक्त तारीख. शिवाय एका पाठवणाऱ्याला त्या काळात एकदाच उत्तर जातं. महिनाभराच्या रजेत दर आठवड्याला लिहिणाऱ्याला तेच तेच वाचावं लागत नाही.

पण सावध राहा. संगणकावरच्या जुन्या आउटलूक प्रोग्रॅममध्ये साधं पॉप किंवा आयमॅप खातं (म्हणजे दुसऱ्या सेवेचा मेल या प्रोग्रॅममध्ये वाचायची जोडणी) असेल, तर हे बटण तिथे बहुधा दिसतच नाही. मग नियम तयार करून ठरलेला मजकूर पाठवायला सांगावं लागतं, आणि तो नियम चालायला संगणक आणि आउटलूक दोन्ही सतत सुरू लागतात. उन्हाळ्यात दुपारी लाईन जाणाऱ्या गावात कुलूप लावलेल्या ऑफिसातला संगणक महिनाभर सुरू राहील, यावर विसंबणं म्हणजे कठीणच. त्यापेक्षा मेलसेवेच्या वेबसाइटवर लॉगिन करून तिथे अशी सोय आहे का ते बघा.

आता व्हॉट्सॲप बिझनेस. ताडोब्याजवळ मोहर्लीच्या बाजूला होमस्टे चालवणाऱ्याकडे मेल आठवड्यातून दोन येतील, व्हॉट्सॲप दिवसाला वीस. त्याने मेलवर उत्तर लावून समाधान मानलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलंच म्हणून समजा. ‘बिझनेस टूल्स’मध्ये ‘अवे मेसेज’ आहे. तो कायम पाठवायचा, ठरावीक तारीख-वेळेत पाठवायचा की कामाचे तास संपल्यावर पाठवायचा, हे निवडता येतं. कोणाला पाठवायचा तेही ठरवता येतं: सगळ्यांना, फक्त ॲड्रेस बुकमध्ये नसलेल्यांना, किंवा काही जण वगळून. तिसरा पर्याय घरच्यांसाठी वापरा, नाहीतर सासूबाईंना ‘आमच्याशी संपर्क केल्याबद्दल धन्यवाद’ जाईल.

ताडोब्याचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. त्या काळात होमस्टेवाला गावाला गेला तर फोन मागे राहिलेल्या भावाकडे, रेंज आणि चार्जिंग असलेल्या जागी ठेवणं हा खरा उपाय. फोन सोबत घेऊन रेंजबाहेर गेलात तर अवे मेसेज निघणार नाही. दोन्ही लावा, मेलवरही आणि व्हॉट्सॲपवरही. परदेशी पाहुणा अजून मेलच करतो.

चौथा मार्ग म्हणजे माणूस. मला विचाराल तर ज्या मेलला शेवटची तारीख असते, निविदा, बँकेची नोटीस, खरेदीचा करार, त्यांना आपोआप उत्तर देऊन भागत नाही. तिथे वाचणारा लागतो. जीमेलमध्ये ‘डेलिगेट’, म्हणजे आपल्या वतीने मेल बघणारा माणूस, नेमता येतो, साध्या खात्यावर दहापर्यंत. तो मेल वाचतो, पाठवतो, पुसूही शकतो, पण पासवर्ड बदलू शकत नाही. हे फक्त संगणकावरून लावता येतं. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देण्यापेक्षा शंभरपट बरं. तरी तो सगळंच वाचणार, बँकेचे ओटीपी मेलवर येत असतील तर तेही, हे लक्षात घेऊन माणूस निवडा. इतका विश्वास नसेल तर फिल्टर लावून ठरावीक पत्त्यावरून आलेले मेलच कंपनीच्या अध्यक्षांच्या खात्यावर फॉरवर्ड करा. त्या खात्यावर आधी एक खातरजमेचा कोड जातो, म्हणून हे काम निघायच्या सकाळी नको, दोन दिवस आधी उरकावं.

मजकुरात लोक भलतंच लिहितात. ‘आषाढीनंतर भेटू’ हे आपल्याला कळतं, इंदूरच्या व्यापाऱ्याला नाही. ‘घरचे सगळे वारीला गेलो आहोत’ हे तर अनोळखी माणसाला कळवायचं कारणच नाही. उत्पादक कंपनीसाठी मी असं लिहीन:

‘नमस्कार. मी ३० जुलैपर्यंत मेल पाहू शकणार नाही. बियाणे आणि खरेदीच्या दराबाबत कंपनीच्या कार्यालयात सकाळी ११ ते सायंकाळी ५ या वेळेत फोन करावा. इतर मेलना ३१ जुलैपासून उत्तर देईन.’

खाली हेच हिंदीत. स्वतःचा खाजगी नंबर नको, कार्यालयाचा द्या.

मग कोणी काय घ्यावं? नोकरदाराने ऑफिसच्या खात्यावर जे आहे ते लावावं, जास्त विचार नको. सेवा केंद्र आणि होमस्टे यांनी आधी व्हॉट्सॲप बिझनेस, जोडीला जीमेल. उत्पादक कंपनीला जीमेलचं उत्तर आणि एक डेलिगेट, दोन्ही लागतात. एकच करायचं असेल तर डेलिगेट. चार दिवसांसाठी लग्नाला जाणाऱ्याने यातलं काहीच केलं नाही तरी चालतं. संध्याकाळी मांडवातून फोनवर दोन मेल बघता येतातच.

निघण्याआधी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या खात्यावरून स्वतःला मेल टाकून बघा, उत्तर येतं का. चूक सापडून मजकूर दुरुस्त केला तर त्याच खात्यावरून पुन्हा तपासता येतं. काही न बदलता लगेच दुसरा मेल टाकलात तर जीमेल गप्प राहील. बंद पडलं समजून सेटिंग उलटसुलट करत बसू नका.