लॅक्टेशन काउन्सेलरची (बाळाला अंगावर पाजायला शिकवणाऱ्या ताईंची) घरी व्हिजिट, घोडबंदर रोड, ठाणे
सातव्या महिन्यात मला शुगर निघाली, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी १४० च्या वर, मग शेवटपर्यंत इन्सुलिन. सीझरनंतर तिसऱ्या दिवशीही दूध नीट उतरलं नव्हतं, हॉस्पिटलमध्ये सिस्टर नुसतं "दूधच नाही तुम्हाला" म्हणून वरचं देत राहिल्या आणि सासूबाईंना वाटायचं की शुगरवालीचं दूध बाळाला बाधेल. मी रोज रडायचे.

घरी आल्यावर मैत्रिणीने या ताईंना पाठवलं. ट्रॅफिकमुळे अर्धा तास उशिरा आल्या पण नंतर दोन तास हलल्या नाहीत!! म्हणाल्या शुगर असली की दूध उतरायला उशीर होऊ शकतो, म्हणजे येणारच नाही असं नाही, बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा छातीशी घ्यायचं. हाताने दूध काढून वाटी-चमच्याने कसं पाजायचं ते दाखवलं, टाके दुखू नयेत म्हणून बाळाला काखेखालून धरायला शिकवलं. सासूबाईंनाही प्रेमाने समजावलं की दूध अजिबात बाधत नाही, उलट पाजल्याने आईला पुढे टाइप २ डायबेटिस व्हायचा धोका कमी होतो. अळिवाची खीर खा पण गूळ बेताने आणि सहा आठवड्यांनी शुगर परत तपासा, हेही बजावलं.

फी जरा जास्त वाटली, पण हे सगळं कोणी डिलिव्हरीआधीच सांगायला हवं होतं. आठवडाभरात वरचं दूध बंद झालं. शुगर असलेल्या मैत्रिणींनो, नवव्या महिन्यातच एक व्हिजिट घ्या.