सुट्या किराण्याचे दुकान आणि वजन कोरलेले डबे

पोत्यांतून सुटा माल विकणारी किराणा दुकाने पुण्याच्या पेठांमध्ये अजूनही तग धरून आहेत. नारायण पेठेतील अशाच एका जुन्या दुकानातून आमच्या घरी महिन्याचे वाणसामान येते, त्याविषयी हे लिहीत आहे.

माल चोख असतो. आंबेमोहोर आणि इंद्रायणी यांपैकी काय घ्यावे असे विचारले, तर दुकानदार दोन्हींचे दाणे तळहातावर घेऊन दाखवतात आणि तांदूळ नवा असल्यास भात चिकट होईल हेही आधीच सांगून टाकतात. तूरडाळ निवडावी लागत नाही; पोहे मात्र पोत्याच्या तळाशी आले की चाळून घ्यावे लागतात. भाव मोठ्या साखळी दुकानांपेक्षा थोडे चढे आहेत.

तरीही या दुकानाची शिफारस मी करतो ती प्रामुख्याने डब्यांसाठी. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा ठिकठिकाणी ‘पिशवी मागू नये’ अशा पाट्या लागल्या आणि कालांतराने त्याच पाट्यांखालून पातळ पिशव्या पुन्हा निघू लागल्या. या दुकानात अशी पाटी कधीच नव्हती, परंतु येथील निम्मेअधिक गिऱ्हाईक आज घरचे डबे घेऊन येते, आणि त्याचे मूळ शेजारच्या वाड्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या सवयीत आहे.

रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि मग माल भरायचा, ही सोय इलेक्ट्रॉनिक काट्यात असते. पण गर्दीच्या वेळी एकाच गिऱ्हाइकाचे पाच-सहा डबे असे तोलत बसणे कोणत्याही दुकानदाराच्या जिवावर येते. बाईंनी त्यावर साधा उपाय काढला. स्टीलच्या डब्यावर जेथे नाव घातलेले असते, त्याच्याच खाली त्यांनी भांड्यांच्या दुकानातून रिकाम्या डब्याचे वजन ग्रॅममध्ये कोरून आणले, म्हणजे भरलेला डबा एकदाच काट्यावर ठेवायचा आणि कोरलेला आकडा वजा करायचा. रांगेत मागे उभ्या असलेल्यांनी ते पाहिले. हळूहळू इतरांच्या डब्यांवरही नावाखाली ४१० किंवा ६३५ असे आकडे उमटू लागले. जवळच खोली घेऊन राहणारा एक विद्यार्थी तर कॉफीच्या रिकाम्या बरणीवर मार्करने वजन लिहून साखर न्यायला येतो.

बाईंना यातले काही ठाऊक नव्हते. पिशवीतली साखर डब्यात ओतताना ओट्यावर सांडते आणि मुंग्या लागतात, एवढेच त्यांचे कारण होते, आणि इतरांच्या डब्यांवरचे आकडे पाहून हा दुकानाचाच नियम असावा असे त्या धरून चालल्या होत्या. श्रेयाचा वाटा दुकानदारांनाही द्यायला हवा, कारण पहिल्यांदा डबे पुढे आले तेव्हा त्यांनी कपाळाला आठी घातली असती, तर मागच्यांनी मुकाट्याने पिशवीच मागितली असती. शिवाय कोरलेल्या आकड्यावर ते विश्वास ठेवतात. शंका वाटल्यास गिऱ्हाइकासमोरच डबा रिकामा तोलून पाहतात. सणासुदीला पुठ्ठ्याचे खोके मिठाईच्या भावात विकत घेतलेल्यांना या वजावटीचे मोल निराळे सांगायला नको.

उणिवाही आहेत. खाद्यतेल सुटे विकण्यास कायद्याने मनाई असल्याने तेथे पिशवी किंवा बंद डबाच घ्यावा लागतो, त्यामुळे किटली घेऊन जाण्यात अर्थ नाही. घरपोच सेवा नाही, आणि डबेवाले गिऱ्हाईक वाढल्यामुळे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी बराच वेळ ताटकळावे लागते; सामान देणारा मदतनीस एकच आहे, दुसरा ठेवण्याची गरज आता स्पष्ट दिसते. नव्याने जाणाऱ्यांनी सकाळी दुकान उघडताच जावे आणि डब्यावर वजन कोरलेले नसल्यास तसे सांगावे, तेथेच तोलून खडूने लिहून देतात.