घरघंटी: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

दिवाळीच्या तोंडावर घरघंटी घेतली, आता पावसाळा लागलाय. घेण्याआधी चौकशी केली तेव्हा मोटर केवढी आणि वॉरंटी किती, एवढंच सगळे सांगत होते. भाकरी कशी होते ते कुणी सांगेना. म्हणून मी भाकरीपासूनच सुरुवात करते.

आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. रात्रीच्या जेवणात भाकरी लागतेच. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, जतकडचा, वर्षाचा एकदमच भरतो. पूर्वी गिरणीतून डबाभर दळून आणायचो आणि डबा तळाला जाईपर्यंत पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असायची. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे सगळी भिस्त ताज्या पिठावर आणि आधणाच्या पाण्यावर. पीठ जुनं असलं की कितीही मळा, थापताना कडेला चिरा पडतात आणि उचलताना भाकरी मोडते. आता दोन-तीन दिवसांपुरतंच दळते. परातीत पिठाचं आळं करून उकळतं पाणी ओतायचं, वाफ जिरली की तळहाताने रगडून मळायचं. ताज्या पिठाचा गोळा हाताला लगेच कळतो, मऊ आणि एकसंध. भाकरी तव्यात टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची, मग जाळावर धरली की टम्म फुगते. सासूबाईंना आता चावत नाही. त्या वरचा पापुद्रा काढून दुधात कुस्करून खातात, आणि हल्ली तो पापुद्रा अखंड सुटतो. माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले.

बाजरीला तर याहून फरक पडला. बाजरीत स्निग्धांश जास्त, म्हणून पीठ ठेवलं की लवकर कडवट होतं. थंडीभर लागेल तेवढीच दळली. भोगीला तीळ लावलेल्या भाकऱ्या आणि खेंगट, म्हणजे भोगीची मिसळीची भाजी, केलं, तेव्हा मुलांनीही तक्रार न करता खाल्लं.

गव्हाचं मात्र खरं सांगते, फरक वाटला नाही. घरघंटीत धान्य पोलादी पात्यांनी फुटून जाळीतून खाली पडतं. गिरणीतल्या दगडावरच्या कणकेची पोळी मला अजून जास्त आवडते, म्हणून गहू गिरणीतच जातो. थालीपिठाची भाजणी घरी छान होते. भाजलेलं धान्य पुरतं गार करायचं, जाडसर जाळी लावायची.

शेंगदाणे, तीळ यात घालू नयेत, तेलाने जाळी बुजते. हळकुंडं आणि चटणीच्या मिरच्या आमच्याकडे आजही डंकावरच, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, जातात. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, अशा गावात राहून पाकिटातली हळद आणायला जीव होत नाही.

त्रासही आहेत. आवाज मोठा, त्यामुळे दुपारी झोपायच्या वेळी लावता येत नाही. पीठ जमा होतं त्या पिशवीच्या तोंडातून पीठ उडतं, आसपासचा ओटा दर वेळी पुसावा लागतो. पावसाळ्यात धान्य सर्दलं की पीठ जाळीत अडकतं. त्यावर उपाय म्हणजे धान्य आदल्या दिवशी पंख्याखाली पसरणं किंवा कढईत नुसतं कोमट करून गार करणं. दळलेलं पीठ गरम असतं, लगेच झाकण लावलं तर आत घाम धरतो, म्हणून परातीत पसरून ठेवते. उन्हाळ्यात एकदा पिशवीची पट्टी तुटली, तर सर्व्हिसवाल्याने आज येतो, उद्या येतो करत बरेच दिवस घालवले. शेवटी ती शिंप्याकडून शिवून घेतली. विजेचं फार मनावर घेऊ नका. मोटर एक अश्वशक्तीची, म्हणजे साधारण 746 वॅट. तासभर चालवली तरी एका युनिटच्या आसपासच जातं, आणि आमचं दळण तासभर चालतही नाही.

घरात फक्त पोळ्या होत असतील तर घेऊ नका, कोपऱ्यावरची गिरणी बरी. रोज भाकरी असेल, नाचणी-बाजरी आलटून पालटून लागत असेल, तर जरूर घ्या. घेताना बारीक जाळी एक जास्तीची मागून घ्या, ज्वारीला तीच सारखी लागते. आणि दळण झालं की जाळी लगेच कोरड्या ब्रशने झाडा, पाणी लावू नका.