वर्कशॉपचा वॉल फॅन : दुसऱ्या उन्हाळ्यानंतरचा अनुभव

पंखा दणकट आहे, पण मान फिरवणारा गिअर अगदीच तकलादू. गेल्या आठवड्यात मागून कट-कट आवाज यायला लागला आणि मान फिरायची थांबली. झाकण खोललं, तर मोटरच्या दांड्यावरचे स्टीलचे आटे जसेच्या तसे, आणि त्यात अडकणाऱ्या नायलॉनच्या गिअरचे दात एका बाजूने साफ झिजलेले. ग्रीसमध्ये सागाचा बारीक भुसा बसून काळा चिखल झाला होता.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "प्लास्टिकचा पार्ट वॉरंटीत येत नाही, आणि सुटा मिळणार नाही. पूर्ण गिअरबॉक्स घ्या." सहाशे रुपये! नाण्याएवढ्या तुकड्यासाठी! मोटरला दोन वर्षांची वॉरंटी द्यायची आणि सगळ्यात आधी झिजणारा भागच तिच्यातून वगळायचा, याला काय अर्थ आहे ओ? शेवटी आमच्या वाइंडिंगवाल्या काकांनी एका जुन्या पंख्यातला गिअर जुळवून ऐंशी रुपयांत बसवून दिला.

वॉल फॅनच का, तर जुळे सोलापुरातलं माझं शेड पत्र्याचं, उंची नऊ फूट. लांब फळी उभी केली की सीलिंग फॅनच्या पात्याला लागणार. फर्राटा, म्हणजे जमिनीवर ठेवायचा स्टँडचा पंखा, ठेवला तर पायात वायर. कूलर घे म्हणून सगळ्यांनी सांगितलं, आपल्या कोरड्या हवेत तो चालतोही झकास, पण ओल्या हवेने लाकूड फुगतं आणि रंध्याच्या पात्यावर गंज धरतो. म्हणून नव्या पेठेतून १८ इंची हायस्पीड घेतला, १४०० आरपीएमचा. दणकून वारा. मार्चपर्यंत मी येईल त्याला हाच घ्या म्हणून सांगत होतो.

मे महिन्यात मत बदललं. पारा ४२-४३ वर गेला की पत्र्याखालची हवा बाहेरच्यापेक्षाही तापते, आणि पंखा तीच गरम हवा अंगावर मारतो. पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवतो, एवढंच त्याचं काम. मग पत्र्यालगत भिंतीत १२ इंची एक्झॉस्ट बसवला आणि समोरच्या भिंतीला खाली जाळी ठेवली. शेड १० बाय १५ फूट, म्हणजे आत साधारण ३८ घनमीटर हवा. एक्झॉस्टवर तासाला १२०० घनमीटर लिहिलंय. म्हणजे कागदावर तरी दोन मिनिटांत सगळी हवा बदलते. जाळी बंद असली की मात्र तो नुसता गुरगुरतो. आत हवा आलीच नाही तर बाहेर काय फेकणार? आता संध्याकाळी सहानंतर दोन्ही लावले की निवांत काम होतं. पैसे एकाचेच असतील तर पत्र्याच्या शेडला आधी एक्झॉस्ट घ्या, वॉल फॅन नंतर.

मिग वेल्डिंग करणाऱ्यांनी हा पंखा जॉबवर रोखू नये, वेल्डला हवेपासून वाचवणारा गॅस उडून जातो आणि वेल्डला भोकं पडतात. पॉलिश ओलं असतानाही बंदच ठेवा, सगळा भुसा त्यावर येऊन बसतो.

घेताना दुकानदाराला पैसे देण्याआधीच विचारा, गिअर सुटा मिळतो का. मान चालू असताना हाताने वळवू नका, दात तिथेच जातात. मला दुसऱ्या भिंतीलाही पंखा हवाय, पण मान न फिरणारा मिळाला तरच घेणार.