अ‍ॅक्सियल एससीएक्स१० थ्री: हाडापेराने मजबूत, डोक्याने जड

अ‍ॅक्सियलच्या एससीएक्स१० या रिमोटवर चालणाऱ्या, दगड चढणाऱ्या मॉडेल गाड्यांच्या (क्रॉलरच्या) घराण्याची तिसरी पिढी, म्हणजे एससीएक्स१० थ्री, २०२० साली जीप रँग्लर जेएलयूच्या बॉडीत आली. खऱ्या गाडीच्या १/१० माप, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) साधारण ३१२ मिलिमीटर, पुढे-मागे पोर्टल एक्सल, म्हणजे चाकाजवळच्या जादा गिअरमुळे जमिनीपासून उंच राहणारा एक्सल. मोटर, रिमोट, दिवे यांबद्दल इथे काही नाही. परीक्षण फक्त सस्पेन्शनचं आहे, कारण या गाडीचं बरंवाईट तिथेच ठरतं. निकाल आधीच: लिंकची (एक्सल चासीला, म्हणजे सांगाड्याला, जोडणाऱ्या दांड्यांची) मांडणी उत्तम, एक्सल उत्तम, शॉक (स्प्रिंग आणि तेलाचे धक्काशोषक) चालण्याजोगे आणि वजनाची वाटणी चुकलेली. खोक्यातून काढून तशीच दगडावर सोडलीत तर सरळ चढ ती मुकाट्याने चढेल, पण आडव्या उतारावर कलंडेल. म्हणून पहिला खर्च महागड्या शॉकवर करू नका.

आधी मांडणी. मागे चार लिंक: खालच्या दोन जवळपास समांतर, वरच्या दोन त्रिकोणात. हा त्रिकोणच एक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही, त्यामुळे मागे वेगळ्या आडव्या दांडीची गरज नाही. पुढे तीन लिंक आणि एक पॅनहार्ड दांडी, कारण स्टिअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) एक्सलवर नसून चासीवर बसवलेला आहे. सर्व्हो चासीवर असला की एक्सल आणि चासी यांच्यातलं आडवं अंतर कायम राखावं लागतं, नाहीतर चाक वर-खाली झालं की गाडी आपोआप वळते. ते काम पॅनहार्ड करते. दिसायला खऱ्या जीपसारखं आणि एक्सलवरचा पसारा कमी, हा फायदा. तोटा असा की पॅनहार्ड कमानीत फिरते, त्यामुळे एक्सल खाली लोंबला की थोडा एका बाजूला सरकतो. मूळ उंचीवर हे जाणवत नाही. लांब शॉक लावून गाडी उंच केलीत की लगेच जाणवतं.

पोर्टल एक्सलचा खरा उपयोग खालच्या मोकळ्या उंचीपुरता नाही. क्रॉलरचा जुना आजार म्हणजे थ्रॉटल दाबताच चासी एका अंगाला पिळवटणं. प्रॉपेलर शाफ्ट पिनियनला (एक्सलमधल्या लहान गिअरला) फिरवतो तेव्हा तो एक्सलला आणि चासीलाही उलटसुलट मुरडत असतो. एका बाजूचा शॉक दबतो, दुसऱ्या बाजूचा उघडतो आणि एक पुढचं चाक हवेत जातं. पोर्टलमध्ये शेवटची गिअर-घट चाकाजवळ होते, त्यामुळे चाकाला तेवढाच जोर देताना शाफ्टमधला जोर कमी लागतो आणि पीळही कमी पडतो. पोर्टल नसलेल्या एससीएक्स१० टूच्या शेजारी ठेवून तीव्र चढावर बघा, फरक डोळ्यांना दिसतो. पिळाला उपाय म्हणून एकाच बाजूची स्प्रिंग कडक करण्याची जी युक्ती जुन्या गाड्यांवर चालायची, ती इथे करू नका. उताराला लागलात की तीच उलटते.

आता दुखणं. जेएलयूची बॉडी देखणी आहे, पण टपापर्यंत उंच आणि आतल्या सीट-डॅशबोर्डसकट जड. वजन उंचावर असलं की मऊ स्प्रिंगवर गाडी झुलते आणि कडक स्प्रिंगवर चाक खड्ड्यात उतरत नाही. दोन्हीकडून अडचण. त्यात आपला सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट कोरडा असताना टायरला घट्ट धरतो. पकड कमी असेल तर गाडी घसरून सुटते, पकड जास्त असेल तर पालथी होते.

स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी तीन मापं घ्या आणि लिहून ठेवा. पहिलं, पुढचं-मागचं वजन. स्वयंपाकघरातले दोन काटे सारख्या उंचीवर ठेवा. एकच असेल तर दुसरी चाकं तेवढ्याच जाडीच्या पुस्तकावर. बॅटरी बसवूनच मोजा. पुढे ५५ ते ६० टक्के यायला हवं. दुसरं, लवचीकता. पुढच्या एका चाकाखाली लाकडी ठोकळे रचत जा आणि उरलेल्या तिघांतलं पहिलं चाक कुठल्या उंचीला जमीन सोडतं ते पाहा. मग दुसऱ्या बाजूने तेच. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर एखादा शॉक अडकतोय किंवा लिंकची लांबी वेगळी आहे. तिसरं, कलंडण्याचा कोन. गाडी एका फळीवर आडवी उभी करा, खालच्या चाकांना घसरू नये म्हणून पातळ पट्टी ठोका आणि फळीची कड हळूहळू उचला. वरची चाकं सुटतात तो कोन मोबाइलच्या लेव्हलवर वाचा. पुढे जे काही बदलाल त्यानंतर हा कोन पुन्हा घ्यायचा. तो वाढला नाही तर पैसे वाया गेले असं समजा.

वजन उतरवायला खर्च नाही. टपावरचा कॅरिअर, सुटी चाकं, कॅन, बाहुल्या काढा. बॅटरी जेवढी पुढे आणि खाली सरकवता येईल तेवढी सरकवा. मोठ्या बॅटरीऐवजी छोटी वापरली तर दुहेरी लाभ. त्यानंतर पितळ. पुढच्या नकलला (चाक ज्यावर वळतं त्या सांध्याला) किंवा पोर्टलच्या झाकणांना पितळी भाग मिळतात. ते एक्सलच्या उंचीवर असतात आणि स्प्रिंगवर भार टाकत नाहीत. रिममध्ये बसवायच्या वजनापेक्षा हे चांगलं, कारण रिममधलं वजन फिरतं आणि दर वेळी गिअर आणि एक्सल शाफ्टला त्याला ढकलावं लागतं. पुढच्या एक्सलवर एकूण १५० ते २०० ग्रॅमवर थांबा. मागे पितळ घालायचा मोह टाळा. आधी पुढचा भार ५५ टक्क्यांवर गेला का ते काट्यावर पाहा. पुढे जास्त वजन घातलंत तर स्टिअरिंगचा सर्व्हो दगडांत अडकलेलं चाक वळवताना दमतो. तो गरम होत असेल तर वजन कमी करा किंवा सर्व्हो बदला, तिसरा मार्ग नाही.

बॉडी हलकी झाली की मूळ स्प्रिंग कडक वाटू लागतात. आता स्प्रिंगचा विचार करायचा, आधी नाही. गाडी दहा सेंटिमीटरवरून टेबलावर सोडा, ती जिथे बसते तिथे शॉकची लांबी मोजा. समजा शॉकची एकूण चाल ३० मिलिमीटर आहे. बसल्यावर तो १२ ते १५ मिलिमीटर आत गेलेला असावा. ५ मिलिमीटरच गेला असेल तर स्प्रिंग कडक आहे. २२ गेला असेल तर मऊ. चारही स्प्रिंग एकाच रेटच्या (कडकीच्या) घेऊन सुरुवात करा. पुढे वजन जास्त असल्याने पुढची बाजू आपोआप थोडी खाली बसेल आणि चढाला तेच हवं असतं. मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा मऊ कधीच नको: चढावर मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी पाठीवर येते.

इथे दोन गैरसमज नेहमीचे. शॉकची कॉलर (स्प्रिंगच्या टोकाची आट्यांची कडी) फिरवून स्प्रिंग दाबली की ती कडक होते असं मानलं जातं. होत नाही. साध्या स्प्रिंगची कडकी तीच राहते, फक्त गाडीची उंची वाढते. मऊपणा हवा तर स्प्रिंग बदला किंवा शॉकचं वरचं टोक आतल्या भोकात घ्या. शॉक जेवढा आडवा तेवढी तीच स्प्रिंग चाकाला मऊ जाणवते आणि चाकाची चालही वाढते. दुसरा गैरसमज तेलाचा. तेल वजन पेलत नाही. ते फक्त हालचालीचा वेग ठरवतं. उभी गाडी आडव्या उतारावर कलते त्याला तेल जबाबदार नाही, पण दगडावरून उतरताना झटक्याने कलते त्याला आहे.

सुरुवातीला चारही शॉकमध्ये ३० वेट, म्हणजे साधारण ३५० सीएसटी (दोन्ही तेलाच्या जाडीची मापं), घाला. चढावर मागची चाकं टपटप उड्या मारत असतील तर मागे ४० वेट, साधारण ५०० सीएसटी. त्याहून जाड तेल घातलंत तर चाक खड्ड्यात पडायला उशीर लावतं आणि तेवढ्या वेळात गाडी तीन चाकांवर असते. वेटचा आकडा कंपनीगणिक बदलतो म्हणून बाटलीवरचा सीएसटी पाहा. मे महिन्यात तापलेल्या कातळावर तेल पातळ होतं. एक पायरी जाड चालेल. आणि बाइकच्या फोर्कचं तेल टाकू नका. शॉकमधल्या सिलिकॉन ओ-रिंग पेट्रोलियम तेलाने फुगतात, मग रॉड जाम होतो. इथे सिलिकॉन तेलच हवं.

तेल बदलण्याची रीत: शॉक उभा धरा, रॉड पूर्ण बाहेर, तेल काठाच्या जरा खाली. रॉड हळूहळू १० वेळा वर-खाली करा आणि बुडबुडे वर येईपर्यंत दहा मिनिटं उभा ठेवा. घाई केलीत तर तेलाचा फेस होतो. मग काठोकाठ भरा, टोपी सैल बसवा, रॉड अर्धा आत ढकला, जादा तेल बाहेर येऊ द्या, त्याच स्थितीत टोपी घट्ट करा. स्प्रिंग न लावता रॉड पूर्ण आत ढकलून सोडा. तो जोरात बाहेर उसळला तर तेल जास्त झालंय. दाबताना मध्येच पोकळ खळखळ झाली तर हवा राहिलीय. चारही शॉक सारखे वागेपर्यंत गाडीला लावू नका; बहुतेक वेळा गाडी एका बाजूला खेचते त्याचं मूळ इथे सापडतं.

एवढं करूनही आडव्या उतारावर समाधान नसेल तर गाडी खाली आणा. शॉक उघडून पिस्टनच्या खाली, रॉडवर, ३ ते ५ मिलिमीटरचा तुकडा बसवा. नायट्रो गाडीच्या इंधन नळीचा चालतो. शॉक तेवढा कमी उघडतो. मग कॉलर सैल करून गाडी तेवढी खाली बसवा. लवचीकता थोडी जाते, पण कलंडण्याचा कोन वाढतो, आणि क्रॉलरला हा सौदा बहुतेक वेळा परवडतो. चाक हातभर लोंबणारी गाडी फोटोत छान दिसते, एवढंच. लोंबलेल्या चाकावर भारच नसेल तर ते ओढणार काय?

लिंकना हात लावायचा तर पुढची वरची लिंक तेवढी पाहा. ती एकच असल्यामुळे एक्सलची सगळी मुरड तिच्यावर येते, आणि तिची प्लास्टिकची रॉड-एंड (टोकाचा फिरता सांधा) सर्वांत आधी ढिली होते. चाक धरून पुढे-मागे हलवा. एक्सल कटकट आवाज करत डोलला तर रॉड-एंड बदला, सेटिंग नको. लांबी बदलताना लक्षात ठेवा की एम३ च्या (३ मिलिमीटर जाडीच्या) आट्यांवर एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. लिंक लांब केली की पिनियन वर उचलला जातो, शाफ्टचा कोन सौम्य होतो, पण कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) घटतो आणि वळून चाकं सरळ यायला आळस करतात. एका वेळी दोन फेऱ्यांच्या वर जाऊ नका. मागच्या वरच्या लिंकचं चासीकडचं टोक खाली घेता येणारे माउंट बसवले असतील तर टोक खाली घेतल्यावर थ्रॉटलला मागचं अंग उचललं जातं, वर घेतल्यावर बसतं. फार खाली घेतलं तर चढावर मागची चाकं उडायला लागतात, जे दुरुस्त करायला लोक पुन्हा जाड तेल ओततात.

लिफ्ट किटबद्दल: गाडी उंच केली की पॅनहार्ड आणि सर्व्होची दांडी दोन्ही तिरक्या होतात. त्या एकमेकींना समांतर आणि जवळपास सारख्या लांबीच्या राहिल्या नाहीत तर प्रत्येक दगडावर स्टिअरिंग आपोआप हलेल. या गाडीला लिफ्ट नको, हे स्पष्ट मत.

ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ शी तुलना होणारच. तिथे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) रिमोटने लॉक-अनलॉक होतात. इथे दोन्ही कायम लॉक, त्यामुळे वळताना टायर घासतात आणि तो ताण सस्पेन्शनला सोसावा लागतो. बदल्यात मागचा ड्राइव्ह तोडणारी डिगची सोय आहे. निव्वळ दगडावर अ‍ॅक्सियल, वाटेवर फिरायला ट्रॅक्सस.

पावसाळ्यात टायरमधल्या फोमकडे लक्ष द्या. भोकातून पाणी शिरतं, फोम ते पितो आणि प्रत्येक चाक जड होतं. टायर रिमला चिकटवलेले असतील तर ट्रेडमध्ये एक लहान भोक पाडा म्हणजे फिरताना पाणी बाहेर फेकलं जाईल. कोकणातल्या जांभ्याची लाल धूळ रॉड-एंडमध्ये आणि शॉकच्या रॉडवर बसून सँडपेपरसारखी घासते. प्रत्येक फेरीनंतर मऊ ब्रशने झाडा, रॉडला तेल लावून ठेवू नका, त्याला धूळ आणखी चिकटते. गाडीबरोबरच रॉड-एंडचा एक संच आणि शॉकच्या ओ-रिंगची दोन पाकिटं मागवून ठेवा. बाहेरून यायला आठवडे लागतात, आणि मोसम निघून जातो.