धंतोलीतलं डोळ्यांचं हॉस्पिटल : डॉक्टर उत्तम, वेळ नावालाच

पाचपैकी तीन तारे. तपासणीला साडेचार दिले असते. वेळेला एक, तोही रिसेप्शनवरच्या पोरी उलटून बोलत नाहीत म्हणून. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मला शुगर आहे. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, असं आमच्या फॅमिली डॉक्टरांचं फर्मान. शुगरनं पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि सुरुवातीला आपल्याला त्याचा पत्ताच लागत नाही. दिसायला कमी येऊ लागतं तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून हे कळत नाही. थेंब टाकून बाहुली मोठी करून आत पाहावं लागतं.

अपॉइंटमेंट अकराची. व्हॉट्सअ‍ॅपवर वरून निरोप : पंधरा मिनिटं आधी यावे. धंतोलीत गाडी लावायला जागा मिळत नाही हे अख्ख्या नागपूरला ठाऊक, म्हणून आंबेडकर चौकातून मेट्रोनं सीताबर्डी, तिथून काँग्रेसनगर, पुढे ऑटो. वेळेआधी हजर. पिशवीत रिपोर्टची फाईल, पाण्याची बाटली आणि माझी जुनी वही.

वहीबद्दल सांगतो, कारण तिचा या रिव्ह्यूशी संबंध आहे. मी गणेशपेठ स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. ३१ मेला निवृत्त झालो आणि १ जूनला वही धरली. तारीख ठरवूनच : १९४८ साली याच दिवशी पुण्याहून नगरला एसटीची पहिली गाडी सुटली होती. चिमट्यानं तिकिटं पंच करणारे कंडक्टर, मुक्कामी गाडीवाल्यांचे डबे, दिवाळीतल्या जादा गाड्यांसाठीची मारामारी, सगळं लिहायचं होतं. मग चष्म्याचा नंबर बदलला, मग घरात आजारपण निघालं आणि वही कपाटात गेली. शेवटचं वाक्यही अर्धंच : ‘पवनीची मुक्कामी गाडी फलाटाला लागली तेव्हा ड्रायव्हर मला म्हणाला की’. बस, एवढंच. म्हटलं, तिथं नाहीतरी बसायचंच आहे, तर लिहून काढू.

केसपेपर झाला. आतल्या खोलीत एका मुलीनं नंबर तपासला, डोळ्याचं प्रेशर पाहिलं. काम चटपटीत, बोलणं गोड. ‘काका, वर बघा’ म्हणत थेंब टाकले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. अर्ध्या तासात डॉक्टर बघतील म्हणाली. मी डोळे न मिटता वही उघडली. थोड्याच वेळात ‘ड्रायव्हर’मधला ‘ड्र’ शेजारच्या अक्षरात विरघळला आणि ओळी एकमेकींवर चढल्या. या थेंबांनी जवळचं दिसत नाही आणि तो असर चार-सहा तास राहतो. वही पुन्हा पिशवीत.

आता खरी तक्रार. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत होते. मोतीबिंदूची ऑपरेशनं सकाळीच लावलेली होती, म्हणजे अकराला ते मोकळे नसणार हे यांना आदल्या दिवशीच माहीत होतं. तरी अकराची वेळ दिली, वर थेंबही टाकून ठेवले. बारा वाजले, साडेबारा झाले. विचारलं की एकच उत्तर : ‘बस, निघालेच.’ मधेच दोन-तीन ओळखीचे सरळ आत गेले. शेजारच्या काकू शेवटी कडाडल्या, ‘काहून वो बाई, आम्ही का इथं मुक्कामाले आलो का?’

तेव्हा मला पवनीच्या ड्रायव्हरचं ते वाक्य लख्ख आठवलं. तो म्हणाला होता की, साहेब, गाडी वेळेवर सोडायची का भरून सोडायची, ते एकदाचं सांगा. या हॉस्पिटलची गाडी भरून सुटते.

उशीर होतो, मान्य आहे. माझी नोकरीच उशीर सांगण्यात गेली. पण आम्ही माइकवरून सांगायचो, अमुक गाडी, अमुक कारण, अंदाजे इतका वेळ. लोक शिव्या द्यायचे आणि चहा प्यायला जायचे. इथं जावं कुठं? अर्ध्याअधिक पेशंट शुगरचे, जेवणाची वेळ टळलेली. माझे हात कापायला लागले तेव्हा पाणी होतं, खायला मात्र काहीच नव्हतं. शेजारच्या पोरानं बिस्किटचा पुडा दिला. दीड वाजता त्याच मुलीनं येऊन बॅटरी मारली, बाहुली जरा लहान झाली म्हणाली आणि परत थेंब टाकले. अरे, डॉक्टर ओटीतून बाहेर पडल्यावर थेंब टाका ना! एवढं केलं तरी निम्मी तक्रार मिटते.

दोनच्या सुमारास आत गेलो आणि रागच ओसरला. डॉक्टरांनी घाई केली नाही. पडद्याचा फोटो मोठ्या स्क्रीनवर लावून डाव्या डोळ्यातले रक्ताचे दोन-चार बारीक ठिपके दाखवले. आत्ता इलाज नको, शुगर सांभाळा, वर्षभर थांबू नका, सहा महिन्यांनी या, म्हणाले. महागडा स्कॅन आज लागणार नाही हेही स्वतःहून सांगितलं. म्हणून तीन तारे, नाहीतर दोनच होते.

बिल देताना काउंटरवरच्या मुलीनं अभिप्रायाची वही पुढे केली. थेंब टाकलेल्या माणसापुढे! म्हटलं, ‘पोरी, मला तुझं तोंड धूसर दिसून राहिलं, लिहू कसा?’ ती हसली. म्हणून हे इथं, रात्री नीट दिसायला लागल्यावर.

जाणार असाल तर ओटीचा दिवस कोणता ते फोनवर विचारूनच वेळ घ्या. डबा न्या. सोबत कुणीतरी असू द्या, गाडी चालवू नका. उन्हाळ्यात गॉगल हवाच, मोठ्या झालेल्या बाहुल्या घेऊन मे महिन्यात दुपारी बाहेर पडलात की डोळे उघडवत नाहीत. थेंब टाकायला आले की डॉक्टर कुठं आहेत ते आधी विचारा. मी पुढची तारीख ओटी नसलेल्या दिवसाची घेतली आहे आणि केसपेपरवर तसं त्यांच्याच हातानं लिहून घेतलंय.