पिल्लाने चाटूनपुसून खाल्ले, आणि तिथेच मी फसले

गेल्या पावसाळ्यात, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आमच्या कोथरूडच्या घरी दोन महिन्यांचे एक तांबूस गावठी पिल्लू आले. धायरीजवळ एका बांधकामावर आईविना सापडलेल्या चार पिल्लांपैकी ते एक. रंगावरून माझ्या मुलीने तिचे नाव बुंदी ठेवले. बुंदी खेळायची, झोपायची, माणसांना लळा लावायची. खाण्याच्या नावाने मात्र शंख होता. पिल्लांसाठीचे कोरडे खाद्य ती हुंगायची आणि वाटीपासून दोन पावले मागे सरून बसायची. ते कोमट पाण्यात भिजवून दिले, तर नुसते पाणी चाटायची. सासूबाईंनी मायेने दूध-पोळी कुस्करून दिली, ती तिने दोन दिवस खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी तिला जुलाब लागले. आईपासून तुटलेल्या पिल्लाला गाई-म्हशीचे दूध पुष्कळदा पचत नाही, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. दहा दिवसांत आम्ही तीन प्रकारचे खाद्य आणले आणि तिन्ही पिशव्या अर्धवट राहिल्या.

समोर भरली वाटी आणि तिच्याकडे पाठ करून बसलेले एवढेसे पिल्लू, हे दृश्य दिवसातून चार वेळा पाहिले की माणूस कोणाचेही ऐकायला तयार होतो. माझे तेच झाले. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर शेजारच्या काकूंनी एका गृहस्थांचा क्रमांक दिला. ते स्वतःला श्वान-आहार सल्लागार म्हणवून घेत आणि घरपोच खाद्य विकत. फोनवर त्यांनी बुंदीचे वजन विचारले नाही, जंताचे औषध दिले का हेही विचारले नाही. ते म्हणाले, “ताई, पिल्लू नखरे करतं म्हणजे त्याला दुकानातला माल शिळा लागतो. माझ्याकडचं इम्पोर्टेड आहे, मोठं पोतं फोडून देतो म्हणून स्वस्त पडतं. एकदा वाटी पुढे ठेवा, चाटूनपुसून नाही खाल्लं तर पैसे परत.”

किलोला ४२० रुपये भाव होता. त्याच नावाचे पिशवीबंद खाद्य दुकानात साडेसहाशेच्या पुढे होते. आहार-तक्त्याचे म्हणून ५०० रुपये वेगळे घेतले. पाच किलो खाद्य साध्या पारदर्शक पिशव्यांतून स्कूटरवर आले. त्यांवर छापील अक्षर एकही नव्हते. मार्करने ‘पपी’ एवढेच लिहिलेले होते. बिल मागितल्यावर “घरगुती व्यवसाय आहे ताई, यूपीआयची नोंद हेच बिल” असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले.

त्या संध्याकाळी बुंदीने वाटी खरोखर चाटूनपुसून खाल्ली. मला इतका आनंद झाला की मी तिचा व्हिडिओ काढून त्या गृहस्थांना पाठवला आणि खाली आभार लिहिले. पुढच्या आठवड्यात आणखी पाच किलो मागवले. फसवणूक कोणत्या क्षणी झाली असे विचाराल तर मी हाच क्षण सांगेन. पिल्लू खाते आहे, म्हणजे खाद्य उत्तम आहे, असे मी धरून चालले आणि पिशवीत काय आहे हे पाहायचे सोडून दिले. नखरेल पिल्लाच्या घरातली ही काकुळती त्या माणसाला पुरेपूर माहीत होती आणि त्याचा सारा धंदा तिच्यावरच उभा होता.

तीन आठवड्यांत बुंदीचे वजन ४ किलो २०० ग्रॅमवरून जेमतेम ४ किलो ३५० ग्रॅमवर गेले. या वयाचे मध्यम चणीचे पिल्लू आठवड्याला साधारण अर्धा किलो तरी वाढायला हवे. केसांची चमक गेली, शौच पातळ आणि आंबूस वासाचे होऊ लागले. आमच्या पशुवैद्यक डॉक्टरांनी तपासून सर्वांत आधी “खाद्याची पिशवी आणा” असे सांगितले. पिशवी नाही, सुटे खाद्य आहे, असे म्हटल्यावर त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि तेच घेऊन यायला सांगितले.

त्यांनी मूठभर दाणे स्टीलच्या ट्रेमध्ये पसरले. नीट पाहिल्यावर त्यांत दोन जातींचे दाणे दिसले. काही लहान आणि गोल, तर बरेचसे मोठे, जाड आणि तिकोनी, म्हणजे मोठ्या कुत्र्यांच्या जबड्यासाठी केलेले. बोटांत धरलेल्या दाण्यावर पिवळसर भुकटी चिकटलेली होती. डॉक्टरांनी ती पुसून दाणा मोडला आणि माझ्या नाकाजवळ धरला. फराळाच्या डब्याच्या तळाशी राहिलेल्या जुन्या चकलीला येतो तसा खवट वास आला. भुकटीचा वास मात्र वेगळा होता. पाकिटातल्या सूपच्या मसाल्याचा, त्यातही कांद्याचा. कुत्र्याच्या शरीरात कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशींची नासाडी करतात, आणि वाळवून केलेल्या पुडीत त्यांचा अंश अधिकच एकवटलेला असतो, हे मला त्या दिवशी कळले.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट समजावली. कोरड्या दाण्यांवर चरबी आणि स्वादाचा लेप कारखान्यातही देतात, त्यात गैर काही नाही. पण तो लेप हवेने आणि दमटपणाने खवट होतो, जीवनसत्त्वे कमी होत जातात, आणि पुण्याच्या पावसाळ्यात उघडे राहिलेले खाद्य ओल धरून त्यावर बुरशी येऊ शकते. काही बुरशींतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि ते उकळूनही जात नाही. शिवाय मोठ्या कुत्र्याचे खाद्य पिल्लाला पुरत नाही. अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रकांच्या मानकात, ओलावा वगळून मोजले असता, वाढत्या पिल्लाच्या खाद्यात प्रथिने किमान २२.५ टक्के हवीत, प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात १८ टक्के चालतात. कॅल्शियमची किमान मर्यादाही पिल्लासाठी जास्त आहे.

बुंदीच्या शौचात जंत निघाले आणि हिमोग्लोबिन थोडे कमी आले. ते जंतांमुळे की त्या मसाल्यामुळे, हे सांगता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, आणि म्हणून तो दोष मी विक्रेत्याच्या माथी मारत नाही. त्याने जे केले ते स्वतंत्रपणे पुरेसे वाईट आहे.

मी त्या गृहस्थांना मूळ पोत्याचा फोटो मागितला. पुढच्या बाजूचा लगेच आला. बॅच क्रमांक आणि तारखेची बाजू मागितल्यावर दोन दिवस उत्तर नव्हते, मग “विश्वास नसेल तर बंद पिशवी देतो” असा निरोप आला. तीन किलोची ती पिशवी मी मुद्दाम विकत घेतली. वरची शिवण पांढऱ्या दोऱ्याची होती, पण कागदी पट्टीवर आधीच्या शिवणीची भोके दिसत होती. परदेशी माल म्हणूनही आयात करणाऱ्याचे नाव आणि पत्ता कुठेच नव्हता, जो आपल्याकडील आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार पिशवीवर असलाच पाहिजे. तारखेच्या जागी लहानशी पांढरी चिकटपट्टी होती. चहाच्या आधणाच्या वाफेवर पिशवीचा तो कोपरा धरला, नखाने कड उचलली आणि पट्टी अख्खी निघून आली. खाली छापलेली मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलेली होती.

पैसे परत मागितले तेव्हा “तुमच्या पिल्लाने तर आवडीने खाल्लं, व्हिडिओ आहे माझ्याकडे” असे उत्तर आले आणि त्यानंतर माझा क्रमांक बंद करून टाकला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन विक्रेत्याशी बोलून तडजोड घडवू पाहते. आदेश द्यायचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला आहे. तिथे ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण नोटीस पाठवायला विक्रेत्याचे नाव आणि पत्ता लागतो, आणि माझ्याजवळ फक्त मोबाइल क्रमांक व यूपीआयवरचे एक नाव आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलाविना पैसे देताना मी माझ्या हातातला दोर सोडून दिला होता.

बुंदी नखरे का करत होती, तेही पुढे उलगडले. जंत हे एक कारण. दुसरे म्हणजे घरातले पाचही जण दिवसभर तिला बिस्किटाचा तुकडा, पनीर, शेंगदाणा असे काही ना काही देत होते आणि दहा दिवसांत तीनदा खाद्य बदलल्याने तिचे पोट कधी जागेवर आलेच नव्हते. आता पिल्लांसाठीचे एकच खाद्य, मूळ पिशवीतच तोंड घट्ट गुंडाळून ठेवलेले, दिवसातून चार वेळा ठरलेल्या वेळी कोमट पाणी घालून देतो आणि वीस मिनिटांनी वाटी उचलतो. त्या खाद्यावर तिला आणताना जुन्यात नवे थोडे थोडे वाढवत आठ दिवस घेतले. एवढ्या लहान पिल्लाने लागोपाठ दोन वेळा तोंड लावले नाही, किंवा सोबत उलटी, जुलाब, मरगळ दिसली, तर नखरा न समजता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे, असे आम्हाला बजावले आहे, कारण पार्व्हो हा पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजारही सुरुवातीला अन्न टाकण्यानेच दिसू शकतो.

गेल्या आठवड्यात बाणेरमधल्या माझ्या मावसबहिणीने मला एक जाहिरात पाठवली आणि हे खाद्य कसे आहे असे विचारले. क्रमांक नवा होता. व्हिडिओ माझा होता. तुमच्याही समूहावर तो आला असेल: हिरवी वाटी, लाल गळपट्टा आणि शेपटी हलवत मान वर न काढता खाणारे तांबूस पिल्लू. ती आमची बुंदी आहे, आणि त्या वाटीत काय होते ते मी वर लिहिले आहे.